वर्गात एकच मोबाईल असला तरी काय काय करता येतं

शाळेला टीव्ही मिळाला किंवा गावातल्या कुणीतरी प्रोजेक्टर दिला की पहिले पंधरा दिवस रोज लागतो, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच्यावर कापड पडतं ते पडतंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांत मी हे बघितलंय, माझ्या वर्गातही झालंय. मशीन खराब नसतं, त्याच्यावर नेमकं काय करायचं तेच ठरलेलं नसतं. म्हणून जे मला करून उपयोगी पडलं ते लिहितोय, ज्याला जमेल त्यानं घ्यावं.

पहिली गोष्ट, फोन हातात घ्यायच्या आधी पोरांपुढं प्रश्न पाहिजे. मी सुरुवातीला पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ लावायचो, वर्ग चिडीचूप, मला वाटायचं सगळं डोक्यात चाललंय, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर व्हिडिओतलं गाणं सगळ्यांना पाठ पण बाष्पीभवन म्हणजे काय ते एकालाही सांगता येईना. तेव्हापासून पाच-सात मिनिटांच्या वर व्हिडिओ नाही, आणि तोही मध्ये दोन-तीनदा थांबवायचा, आता पुढं काय होईल ते विचारायचं, दोघा-तिघांची उत्तरं फळ्यावर लिहायची, मगच पुढचं दाखवायचं. आपलं उत्तर बरोबर आलं का ते बघायला पोरं कशी पुढं सरकून बसतात ते एकदा बघाच.

आता आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगा नदीचं सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात भारी तास तोच झाला. पावसाळ्यात आपल्याकडं घराघरात एकच चौकशी असते, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर आलं. २०१९ आणि २०२१ चा महापूर मोठ्यांच्या बोलण्यातनं अजून गेलेला नाही, त्यामुळं पोरंही तो आकडा ऐकूनच शाळेत येतात. मी काय केलं, जुलैमध्ये रोज परिपाठ झाला की एकानं पेपरातला आकडा फळ्याच्या कोपऱ्यात तारखेसकट लिहायचा. दहा दिवस झाल्यावर आधी आलेख कागदावर हातानं काढायचा, पट्टी-पेन्सिल घेऊन, आणि त्यानंतरच तेच आकडे फोनवर गूगल शीट्समध्ये भरून टीव्हीवर दाखवायचे. हा क्रम उलटा करू नका, हातानं काढल्याशिवाय पोराला उभी आणि आडवी रेघ कशासाठी असते ते कळत नाही, फोन तर बटण दाबलं की आयता काढून देतो. मग दोन आडव्या रेषा मारायच्या, ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका.

तिथं सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पाऊस कालच थांबलाय की, मग रेघ अजून वर का चाललीया?"

मी उत्तर दिलं नाही, गूगल अर्थ उघडलं. राधानगरी धरणापासून भोगावती नदीच्या काठाकाठानं बोट सरकवत पोरांनीच खाली यायचं, तिकडनं कासारी, कुंभी, तुळशी या नद्या कुठं येऊन मिळतात ते शोधायचं, प्रयाग चिखलीजवळ सगळ्या एक झाल्या की थांबायचं. तेवढ्यात मागनं एकजण ओरडला, "वरचं पाणी अजून वाटंतच हाय!" झालं, उत्तर वर्गातनंच आलं. मग पुढं नरसोबावाडीला कृष्णेपर्यंत गेलो. एक काळजी घ्या, वर्गात नेट दगा देतंच, म्हणून आदल्या रात्री घरी हाच प्रवास स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवायचा.

दुसरं, दुसरी-तिसरीच्या वाचनासाठी फोनमधला साधा रेकॉर्डर. पोराला चार ओळी वाचायला लावायच्या आणि लगेच त्यालाच ऐकवायच्या. स्वतःचा आवाज ऐकल्यावर कुठं अडखळलो ते त्याला आपोआप कळतं आणि बहुतेक वेळा तेच म्हणतं, परत वाचतो. फाईलला नाव आणि तारीख द्या, महिन्यानं जुनं आणि नवं एकापाठोपाठ ऐकवा. पण हे सगळ्या वर्गासमोर नको, व्हरांड्यात बाजूला घेऊन करा, अडखळणाऱ्या पोराचं हसू झालं की ते पुन्हा तोंड उघडत नाही.

आता जोडाजोडीचं. फोन टीव्हीला जोडायला इंटरनेट लागतंच असं नाही, टीव्ही आणि फोन दोन्हीत मिराकास्ट, म्हणजे फोनची स्क्रीन वायरशिवाय टीव्हीवर दाखवायची सोय, असेल तर ते थेट एकमेकांना जोडतात. केबल विकत घ्यायच्या आधी मात्र तुमचा फोन केबलमधनं चित्र बाहेर देतो का ते दुकानातच तपासा, बरेच स्वस्त फोन देत नाहीत आणि पैसे वाया जातात. आपल्या फोननं काढलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हवरनं जुन्या टीव्हीवर चालत नसेल तर तो एचईव्हीसी या व्हिडिओच्या नव्या प्रकारात असू शकतो, फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ हा जुना प्रकार निवडा, म्हणजे पुढचे व्हिडिओ त्यात निघतील. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपनं स्कॅन केला की धड्याचं साहित्य येतं आणि ते डाउनलोड करून नेटशिवाय दाखवता येतं, हे घरच्या वायफायवर करून ठेवा. पुस्तकात क्यूआर कोड घालायची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी करून दाखवली होती, २०२० चा ग्लोबल टीचर प्राईझ त्यांना मिळाला, म्हणजे हे काम आपल्यासारख्याच शाळेतनं उभं राहिलंय. विज्ञानाला फेट सिम्युलेशन (स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग) चांगली आहेत, बरीचशी मराठीत आहेत, पण आधी खरा सेल, खरा बल्ब आणि वायर पोरांच्या हातात द्या, स्क्रीनवरचं सर्किट नंतर.

आणि एक साधी युक्ती, स्टुलावर विटा रचून फोन कॅमेरा खाली करून ठेवायचा आणि रबरानं बांधायचा, एखाद्याच्या वहीतलं गणित सरळ टीव्हीवर दिसतं. कुणी हातचा विसरलाय ते सगळेच शोधतात. वही दाखवायच्या आधी त्या पोराला विचारा मात्र.

गृहपाठ फोनवर अवलंबून ठेवू नका असं मी कळकळीनं सांगेन. आमच्या बऱ्याच पोरांच्या घरात एकच फोन आहे आणि तो सकाळी बापाबरोबर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत जातो तो रात्री आठला येतो, आई तर रानात. अशा घरात ग्रुपवर व्हिडिओ टाकून "उद्या बघून या" म्हटलं की पोरगं दुसऱ्या दिवशी मान खाली घालून बसतं. म्हणून व्हिडिओ वर्गातच बघायचा, घरी फक्त त्याच्यावरचा एक प्रश्न वहीत लिहून न्यायचा, आणि ज्याला परत बघायचाय त्याच्यासाठी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं टीव्ही चालू ठेवायचा. पोरांचे फोटो आणि आवाजाच्या फाईली पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याच ग्रुपवर टाकायच्या नाहीत, वर्ष संपलं की त्या त्या पालकाला देऊन आपल्या फोनमधनं काढून टाकायच्या.