क्षेपणास्त्रांची वर्दी देणारे उपग्रह : हा इतिहास शाळेत तासाभरात कसा सांगावा

शीतयुद्धाच्या काळात शत्रूच्या क्षेपणास्त्रांवर अवकाशातून पाळत ठेवणाऱ्या उपग्रहांचा इतिहास आठवी-नववीच्या वर्गाला सांगायचा असेल, तर उड्डाणांच्या तारखांचा तक्ता फळ्यावर लिहून सुरुवात करू नये. औसा तालुक्यातल्या एका शाळेत मी पहिल्यांदा तेच केले आणि दहाव्या मिनिटाला मागच्या बाकांवरची मुले खिडकीबाहेर पाहू लागली. हा इतिहास मुळात एकाच प्रश्नाभोवती फिरतो : वरून दिसलेली उष्णता क्षेपणास्त्राचीच आहे, हे ओळखायचे कसे? तो प्रश्न आधी मुलांपुढे ठेवावा. तारखा मागून येतात.

ऊसतोडीच्या हंगामात हा तास घेतल्यास उत्तम. नासाचा ‘फर्म्स’ नावाचा आगींचा नकाशा इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो आणि लातूर-धाराशिव पट्ट्यात पाचट पेटवलेल्या फडांचे ठिपके त्यावर उमटलेले दिसू शकतात. गावच्या शिवारातली आग उपग्रहाने टिपली, हे पाहिल्यावर वर्ग जागा होतो. त्यानंतर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पडद्यावर जांभळट चमकतो. (काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, अशा वेळी पुढचा कॅमेरा वापरावा.) मात्र रिमोटच्या प्रकाशाची तरंगलांबी एका मायक्रॉनहून (मिलिमीटरचा हजारावा भाग) थोडी कमी असते आणि क्षेपणास्त्राच्या ज्वाळा शोधताना त्याहून बऱ्याच लांब तरंगांकडे पाहावे लागते, हे तिथेच स्पष्ट करावे.

आता कक्षा. ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेतला, तर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा भूस्थिर उपग्रह त्याच्या पृष्ठभागापासून जवळपास ८५ सेंटिमीटर दूर धरावा लागतो. हे माप दोरीने दाखवावे. घरोघरच्या छपरांवरील डिश वर्षानुवर्षे एकाच दिशेला तोंड करून का असतात, हे विचारले की भूस्थिर म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरत राहून आकाशात एकाच जागी दिसणारा, हे मुलेच सांगतात.

एवढी तयारी झाल्यावर इतिहासाकडे वळावे. जमिनीवरचे रडार क्षितिजापलीकडे पाहू शकत नसल्यामुळे येणाऱ्या क्षेपणास्त्राची खबर अमेरिकेला जेमतेम १५ मिनिटे आधी मिळाली असती. इंजिन पेटतानाच ज्वाळा दिसली, तर हा अवधी सुमारे ३० मिनिटांवर जाणार होता. त्यासाठी ‘मिडास’ ही मालिका आखली गेली. २६ फेब्रुवारी १९६० चे तिचे पहिले उड्डाण फसले आणि मे महिन्यात दुसरा उपग्रह कक्षेत पोहोचला. पुढची अपयशे भराभर सांगून मे १९६३ च्या ‘मिडास-७’ वर यावे, कारण क्षेपणास्त्रांची प्रक्षेपणे त्यानेच प्रथम टिपली.

नोव्हेंबर १९७० पासून ‘डिफेन्स सपोर्ट प्रोग्रॅम’, म्हणजे डीएसपी उपग्रह सोडण्यास सुरुवात झाली. (डीएसपी म्हटले की आमच्याकडे पोलीस अधिकारी आठवतो, म्हणून पूर्ण नाव सांगावे, अर्थात नावावरून काही कळू नये अशीच त्याची रचना दिसते.) हा उपग्रह स्वतःभोवती मिनिटाला सहा फेऱ्या घेत दर दहा सेकंदांनी पृथ्वी न्याहाळत असे. त्याची नजर २.७ मायक्रॉनच्या आसपास लावलेली होती. या पट्ट्यात वातावरणातली वाफ जमिनीवरून आणि खालच्या ढगांवरून परावर्तित होणारे ऊन शोषून घेते, त्यामुळे पार्श्वभूमी काळोखी राहते आणि वर चढलेल्या क्षेपणास्त्राची ज्वाळा उठून दिसते. इथे घाई करू नये. पुढची सगळी गोष्ट याच मुद्द्यावर उभी आहे. वाफेचा बहुतेक थर ज्यांच्या खाली राहतो, त्या उंच ढगांवरच्या उन्हाचे काय, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर तास सार्थकी लागला असे मी समजतो.

सोव्हिएत संघाचे ‘ओको’ उपग्रह अतिलंबवर्तुळाकार कक्षेतून अमेरिकेकडे तिरप्या नजरेने पाहत, जेणेकरून क्षेपणास्त्र काळ्या अवकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसावे. २६ सप्टेंबर १९८३ रोजी मध्यरात्रीनंतर मॉस्कोजवळील सर्पुखोव-१५ या केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव हे अधिकारी कामावर असताना यंत्रणेने आधी एक, मग आणखी चार क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. गोष्ट इथेच थांबवावी आणि वर्गाला दोन मिनिटांत निर्णय घ्यायला लावावे : वरिष्ठांना हल्ला कळवायचा की खोटा इशारा? हात वर झाल्यावर पेत्रोव यांचा विचार सांगावा. खरा हल्ला केवळ पाच क्षेपणास्त्रांचा नसेल, यंत्रणा नवी आहे आणि रडारकडून दुजोरा नाही, म्हणून त्यांनी तो खोटा इशारा ठरवला. पुढे उंच ढगांवरून परावर्तित झालेले ऊन हे त्याचे कारण निघाले. पाऊस न देणारे ढग मराठवाड्याला नवे नाहीत, पण एका ढगाने जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आणावे, हे मुलांना प्रयोगातूनच पटते. खोलीत अंधार करून स्टीलचे ताट आडवे धरावे आणि त्यावर बॅटरीचा झोत अगदी तिरपा टाकावा. समोर बसलेल्या एखाद्याच मुलाच्या डोळ्यांवर तिरीप येते, शेजाऱ्याला काहीच दिसत नाही. सूर्य, ढग आणि उपग्रह त्या रात्री असेच जुळून आले होते.

यानंतरचा भाग पाच मिनिटांत उरकावा : १९९१ च्या आखाती युद्धात डीएसपीने टिपलेली इराकी स्कड क्षेपणास्त्रे, मे २०११ मध्ये गेलेला अमेरिकेच्या नव्या ‘सिबर्स’ मालिकेतील पहिला भूस्थिर उपग्रह आणि २०१५ पासूनची रशियाची नवी मालिका.

शेवटी प्रश्नांसाठी वेळ ठेवावा. औसा तालुक्यात एक प्रश्न हमखास येतो : मग किल्लारीच्या भूकंपाची वर्दी उपग्रहाने का दिली नाही? क्षेपणास्त्र पेटल्यापासून पोहोचेपर्यंत अर्धा तास जातो, त्या अर्ध्या तासापुरताच हा उपग्रह उपयोगी असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीन हादरण्याआधी वरून टिपता येईल अशी ज्वाळा कुठेच नव्हती, असे सांगावे. हे उत्तर सावकाश द्यावे, कारण ज्या घरातली माणसे त्या पहाटे गेली, त्या घरातले मूल समोरच्या बाकावर बसलेले असू शकते.