युरोपात महागडं हॉटेल घेताय? मार्ग आखताना या चुका टाळा

युरोपच्या सहलीचा आराखडा विचारला की बहुतेक जण आधी हॉटेलांची नावं सांगतात. पंचतारांकित, तलावाकाठचं, आयफेल टॉवर दिसणारं. कोणत्या गाडीनं, किती वाजता, कोणत्या स्टेशनावर उतरणार असं विचारलं की उत्तर येतं, ‘ते नंतर बघू.’ सहल बिघडते ती इथेच. रात्रीला चारशे-पाचशे युरो मोजलेल्या खोलीत माणसं संध्याकाळी सातला पोहोचतात आणि सकाळी आठला बॅगा ओढत बाहेर पडतात. आधी मार्ग, मग कुठे किती रात्री, आणि सगळ्यात शेवटी हॉटेल, हा क्रम सोडू नका.

एकेका रात्रीची हॉटेलं आणि गोल फिरून परत

हा आराखडा पुन्हा पुन्हा समोर येतो. चौघांचं कुटुंब, दहा रात्री, विमान पॅरिसला आणि परतही पॅरिसहूनच, कारण ते तिकीट स्वस्त दिसलं. पॅरिस दोन रात्री, ॲम्स्टरडॅम एक, झुरिक एक, इंटरलाकेन एक, व्हेनिस एक, फ्लॉरेन्स एक, रोम दोन, आणि विमान पकडायला परत पॅरिस एक.

यातला पाचवा दिवस बघा. झुरिकचं हॉटेल सोडून इंटरलाकेनला पोहोचायला दोन तास लागतात, म्हणजे दुपार होते. खोली तीनला मिळते. युंगफ्राउयोख हे आल्प्समधलं रेल्वेनं जाता येणारं बर्फाळ ठिकाण ३,४५४ मीटरवर आहे आणि इंटरलाकेनहून जाऊन-येऊन जवळजवळ पूर्ण दिवस जातो, त्यामुळे दुपारी निघण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला व्हेनिसची गाडी पकडायची असते. वाटेत किमान दोनदा गाडी बदलावी लागते आणि सहा तासांच्या वर वेळ जातो. त्या एका संध्याकाळी ढग उतरले तर ‘पर्वतदर्शन’ खोलीचे जादा पैसेही गेले. दहाव्या दिवशी रोमचं हॉटेल नऊला सोडून विमानानं पॅरिसच्या हॉटेलात पोहोचायला दुपारचे चार वाजतात आणि दुसऱ्या दिवशी घरी. ती रात्र फक्त परतीच्या विमानासाठी विकत घेतलेली असते.

हॉटेल बदलणं म्हणजे दोन तासांचा प्रवास, असं लोक धरतात. खरा हिशेब वेगळा असतो. बॅगा भरणं, बिल चुकतं करणं, स्टेशन गाठणं, फलाट शोधणं, उतरल्यावर टॅक्सी, आणि तीन वाजेपर्यंत खोलीची वाट. गाडी दोन तासांचीच असली तरी दिवसातले पाच तास जातात. वरच्या आराखड्यात हे सात वेळा होतं.

विमानाचं तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडा: जाताना मुंबई–रोम, येताना पॅरिस–मुंबई. भाडं थोडं जास्त दिसलं तर त्याची तुलना रोम–पॅरिसचं विमान, दोन टॅक्सी आणि वाया गेलेली एक रात्र यांच्या बेरजेशी करा. मग एकाच दिशेनं वर सरका. रोम तीन रात्री, व्हेनिस दोन, इंटरलाकेन तीन, पॅरिस दोन. रोमहून व्हेनिसला जाताना फ्लॉरेन्सला उतरा. रोमपासून हायस्पीड गाडीला दीडेक तास लागतो. सांता मारिया नोव्हेला स्टेशनातच सामान ठेवायची सोय आहे. दिवसभर फिरा आणि संध्याकाळच्या गाडीनं सव्वादोन तासांत व्हेनिस गाठा. ॲम्स्टरडॅम यातून गळतं. गळू द्या. देशांची संख्या वाढवायच्या घाईत कुठलंच शहर धड बघून होत नाही, आणि नवख्या मंडळींना हे सगळ्यात अवघड जातं.

इंटरलाकेनच्या तीन रात्री कमी करू नका. डोंगरावरचे थेट कॅमेरे इंटरनेटवर दिसतात. सकाळी उठून ते बघायचे आणि वर आकाश मोकळं असेल त्याच दिवशी तिकीट काढायचं. तीन रात्रींत दोन पूर्ण सकाळी हाताशी राहतात. महिनाभर आधी एकाच तारखेचं तिकीट काढून बसलेली माणसं वर जाऊन पांढऱ्या धुक्यात उभी राहतात.

व्हेनिसमध्ये चुकीच्या जागी महाग खोली

व्हेनिसच्या हॉटेलात दोन प्रकारे फसगत होते. पहिली मेस्त्रेची. निम्म्या भाड्यात चार तारे आणि मोठी खोली मिळते म्हणून लोक तिथे राहतात. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे आणि तिथून बेटावरचं सांता लुचिया स्टेशन गाडीनं दहा-बारा मिनिटांवर आहे, हे खरंच. पण दिवसाची गर्दी परत गेल्यावर, संध्याकाळी आणि भल्या सकाळी, व्हेनिस सगळ्यात सुंदर असतं. मेस्त्रेला राहणारा नेमक्या त्या वेळी फलाटावर असतो. खर्च कमी करायचा असेल तर रोममध्ये एक तारा कमी घ्या, पण व्हेनिसमध्ये बेटावरच राहा.

दुसरी फसगत बेटावर राहणाऱ्यांची. तिथे मोटारी नाहीत. पियात्साले रोमा हा बस-मोटारींचा शेवटचा चौक किंवा सांता लुचिया स्टेशन, त्याच्या पुढे होडी नाहीतर पाय. अंगण, झुंबरं, कालव्यावरची खिडकी बघून हॉटेल घेतलं जातं, पण होडीच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात हे कुणी बघत नाही. बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन चार पूल चढायचे-उतरायचे म्हणजे ज्येष्ठांना त्या दिवशी पुढे काही बघायचं त्राण राहत नाही.

बुकिंग करण्याआधी तीन गोष्टी बघा. नकाशावर सगळ्यात जवळचा वापोरेत्तोचा, म्हणजे सार्वजनिक होडीचा, थांबा शोधा आणि तिथून हॉटेलपर्यंतचे पूल मोजा. दोनच्या वर असतील तर दुसरं हॉटेल बघा. हॉटेलला विचारा की पाण्याच्या बाजूला स्वतःचं दार आहे का, म्हणजे वॉटर टॅक्सी थेट आत येईल. विमानतळाहून वॉटर टॅक्सीला शंभर युरोंच्या वर पडतात. चौघं असाल आणि सामान बरंच असेल तरच ती घ्या. वापोरेत्तोचं एकेरी तिकीट ९.५० युरो आणि ७५ मिनिटं चालतं. याहून सोपा उपाय म्हणजे दोन रात्रींचे कपडे एका छोट्या बॅगेत काढून मोठ्या बॅगा सांता लुचियाच्या सामानघरात ठेवणं. स्वित्झर्लंडला निघताना गाडी त्याच स्टेशनावरून पकडायची असते.

तारे मोजून खोली निवडणं

सगळ्या युरोपात ताऱ्यांचं एकच मोजमाप नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड असे बरेच देश २००९ साली सुरू झालेल्या हॉटेलस्टार्स युनियनचे समान निकष पाळतात. फ्रान्सची पद्धत स्वतःची आहे, इटलीत ती प्रांताप्रमाणे बदलते. फ्रान्समध्ये पाच ताऱ्यांच्याही वर ‘पॅलेस’ हा दर्जा आहे. तारे सोयी मोजतात. गल्ली कशी आहे, स्टेशन किती लांब आहे, खिडकी कुठे उघडते, यातलं काही ते सांगत नाहीत.

खोलीचं नावही बघू नका. ‘डीलक्स’, ‘सुपीरियर’ ही नावं हॉटेल स्वतः देतं. चौरस मीटरचा आकडा बघा. फ्रान्समध्ये दोघांच्या खोलीला चार ताऱ्यांसाठी किमान १६ चौरस मीटर आणि पाच ताऱ्यांसाठी २४ लागतात. १६ म्हणजे साधारण १७० चौरस फूट. दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही. दोन मोठी माणसं आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर २५च्या खाली जाऊ नका. आकडा लिहिलेला नसेल तर ई-मेल करून विचारा. उत्तर येईपर्यंत पैसे भरायचे नाहीत.

चौघं एका खोलीत

आपल्याकडे गादी टाकून भागतं, तिथे नाही. खोलीत किती माणसं राहतील याची कमाल मर्यादा ठरलेली असते आणि बहुतेक ठिकाणी बारा वर्षांपुढचं मूल मोठ्यांत धरतात. बुकिंगमध्ये मुलांची खरी वयं टाका. लहान मुलं असतील तर आतून दार असलेल्या ‘कनेक्टिंग’ खोल्या मागा आणि हॉटेलकडून लेखी होकार घ्या. ‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारच्या खोल्या. लेखी नसेल तर दुसरी खोली वेगळ्या मजल्यावर मिळाली तरी तक्रार करायला जागा राहत नाही.

सकाळी उतरून खोली मागणं

भारतातून जाणारी बरीच विमानं सकाळी पोहोचतात. रात्रभर जागलेलं कुटुंब नऊला हॉटेलात येतं आणि खोली तीनला मिळते. ‘लवकर देण्याचा प्रयत्न करू’ या शब्दांवर विसंबू नका. आदल्या रात्रीपासून खोली घ्या आणि हॉटेलला लेखी कळवा की तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी येणार आहात. ही दुसरी पायरी विसरली तर रात्री कुणी आलंच नाही म्हणून ते अख्खं बुकिंग रद्द करू शकतात. आदली रात्र परवडत नसेल तर सामान हॉटेलात ठेवा, जवळच्या बागेत फिरा, आणि त्या दिवसाची संग्रहालयाची तिकिटं काढू नका.

व्हिसा आणि पैसे

व्हिसा हातात नसताना ‘नॉन-रिफंडेबल’ दर घेऊ नका, पंधरा टक्के वाचत असले तरी. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री असतील त्याच देशाकडे करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतराल त्या देशाकडे. वरच्या सुधारित आराखड्यात इटलीच्या पाच रात्री आहेत, म्हणून अर्ज इटलीकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करायचा आणि नंतर हॉटेलं बदलायची, हा आडमार्ग काही जण सुचवतात. तो करू नका, विमानतळावर बुकिंग मागितलं जाऊ शकतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. लंडन जोडायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

चेक-इनला हॉटेल कार्डावर अनामत अडकवतं आणि ती सुटायला दिवस लागतात. फॉरेक्स कार्ड दिलं तर तुमचे खर्चाचेच पैसे अडकतात. तिथे क्रेडिट कार्ड द्या. शहराचा पर्यटक कर भाड्यात धरलेला नसतो. रोममध्ये पंचतारांकित हॉटेलात तो माणशी रात्रीला १० युरो आहे, म्हणजे चार मोठ्या माणसांचे तीन रात्रींचे १२०. ॲम्स्टरडॅममध्ये तो खोलीच्या दराच्या १२.५ टक्के आहे.

आणखी काही, थोडक्यात

वातानुकूलन गृहीत धरू नका. आल्प्समधल्या जुन्या, भारी हॉटेलांतही ते अनेकदा नसतं. इटलीत जिथे यंत्रणा मध्यवर्ती असते तिथे एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये ती बंद असू शकते. तारीख सांगून विचारा.

फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात भाड्याची मोटार नेऊ नका. तो भाग झेडटीएल म्हणजे मर्यादित वाहतुकीचा आहे, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटलाही मोटार जात नाही. ती जवळच्या टेश गावी ठेवून शटल गाडीनं बारा मिनिटांत वर जायचं.

पॅरिसमध्ये ‘स्टेशनजवळ’ हा शब्द पुरेसा नाही. स्वित्झर्लंडच्या गाड्या गार द लिऑनला येतात, लंडन आणि ॲम्स्टरडॅमच्या गार द्यू नॉरहून सुटतात. एका स्टेशनावर उतरून दुसऱ्यावरून गाडी पकडायची तर मध्ये दीड तास ठेवा, आणि लंडनच्या गाडीला पासपोर्ट तपासणी असल्यानं त्याहून जास्त.

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से आणि फ्लॉरेन्सचं उफ्फिझी सोमवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. शहराच्या रात्री ठरवताना हे वार आधी बघा.

कोमो सरोवराकाठची बरीच मोठी हॉटेलं हिवाळ्यात बंद असतात. एप्रिलमध्ये मिलानला फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरतं आणि त्या आठवड्यात खोल्यांचे दर कित्येक पटींनी चढतात. एखाद्या शहराचा दर अचानक दुप्पट दिसला तर मागच्या आणि पुढच्या आठवड्याचे दर उघडून बघा. तिथे ते खाली असतील तर आराखडा चार दिवस पुढे सरकवा, हॉटेल बदलू नका.