फ्यूज उडवणाऱ्या कार ॲम्प्लिफायरची दुरुस्ती: माझा अनुभव

माझ्या गाडीतील ॲम्प्लिफायरला बॅटरीची तार जोडताच फ्यूज उडत असे. रिमोटची तार (ॲम्प्लिफायर चालू करण्याचा संकेत देणारी) सुटी ठेवूनही तसेच घडत असल्यामुळे आउटपुट ट्रान्झिस्टरपेक्षा पॉवर सप्लायवर संशय घेणे मला रास्त वाटले, कारण रिमोटला १२ व्होल्ट मिळेपर्यंत पुढच्या भागाला वीज मिळतच नाही.

झाकण उघडून मल्टिमीटरने आधी उलट जोडणीपासून संरक्षण देणारा डायोड तपासला. तो ठीक होता. मग ट्रान्सफॉर्मरजवळचे आयआरएफझेड४४एन मॉस्फेट (पॉवर सप्लायमध्ये स्विचसारखे काम करणारे, गेट, ड्रेन आणि सोर्स असे तीन पाय असलेले ट्रान्झिस्टर) मोजले. एकाच्या ड्रेन आणि सोर्समध्ये जवळजवळ शून्य ओहम, म्हणजे शॉर्ट, दिसले, मात्र तो इतर मॉस्फेटशी समांतर जोडलेला असल्याने पाय मोकळे केल्याशिवाय नेमका दोषी ठरवता येत नाही. त्याच्या गेटचा रोधही (रेझिस्टर) करपून आतून तुटला होता, आणि हा रोध तपासणे अनेकजण विसरतात.

जुने आणि नवे मॉस्फेट एकत्र ठेवल्यास भार असमान विभागला जाण्याचा धोका असतो, म्हणून मी सगळा संच बदलला, गेटचे रोध नवे लावले आणि हीटसिंकवर अभ्रकाच्या चकत्या व थर्मल पेस्ट काळजीपूर्वक बसवली. मॉस्फेट लावण्यापूर्वी टीएल४९४ या मॉस्फेटना चालू-बंद करणाऱ्या आयसीच्या १४ क्रमांकाच्या पायावर ५ व्होल्ट आहेत, हेही पाहून घेतले.

पहिली चाचणी थेट बॅटरीवर न करता, शॉर्ट राहिला असल्यास प्रवाह मर्यादित राहावा म्हणून मी तारेत हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब मालिकेत जोडला. कपॅसिटर भरेपर्यंत तो क्षणभर उजळून विझला, रिमोट दिल्यावर किंचित मिणमिणला, आणि स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज नगण्य आढळल्यानंतरच मी फ्यूज लावला.