‘आमच्याच कॉलेजात का?’

अमेरिकेत मेडिकलला अर्ज करणाऱ्याला पहिला घाम एमकॅट ही प्रवेश परीक्षा फोडते आणि दुसरा सेकंडरी, म्हणजे प्रत्येक कॉलेजचा वेगळा दुसरा अर्ज. एएमसीएएसचा सामायिक अर्ज भरून झाला, ५,३०० अक्षरांत स्वतःची कहाणी कोंबून झाली, पंधरा उपक्रमांचे रकाने संपले, आता जरा टेकावं म्हटलं की जूनअखेरीपासून एकेका कॉलेजची मेल यायला लागते. प्रत्येकाचे निबंध वेगळे, फी वेगळी. त्यात एक प्रश्न बहुतेकांकडे असतोच: आमच्याच कॉलेजात का यायचंय?

मी २२ ठिकाणी अर्ज केला होता. खरं उत्तर ‘तुम्ही घेतलंत तर मी डॉक्टर होईन’ एवढंच होतं, पण ते लिहायची सोय नाही. मग पहिल्या पाच-सहा कॉलेजांना मी हे पाठवलं: ‘आपल्या संस्थेची उज्ज्वल परंपरा, अत्याधुनिक संशोधन आणि विविध स्तरांतले रुग्ण यांमुळे मला येथे शिकण्याची इच्छा आहे.’ आईने ते वाचलं आणि म्हणाली, “अगं, बघायला आलेल्या मुलाने ‘तुमचं घराणं मोठं आहे हो’ एवढंच म्हणत पोहे संपवले, तर त्याला मुलगी आवडली असं समजायचं का?”

तिथून मी उलट बाजूने सुरुवात केली. कॉलेजची वेबसाइट बंद केली आणि आपण गेल्या चार वर्षांत काय काय केलंय, त्यात कुठे मन अडकलं, हे कागदावर लिहायला बसले. एका दवाखान्यात मी शनिवारी स्वयंसेवक म्हणून जायचे. रुग्णाला फॉर्म भरायला मदत करायची, आत सोडायचं, बाहेर आणायचं. एकदा एक मराठी आजी आल्या. डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला त्यांनी मान डोलावली, “येस, येस” म्हणाल्या. बाहेर लिफ्टपाशी आल्यावर मात्र हळूच मला विचारलं, “ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर? आणि आधीची बंद करायची का?” डॉक्टरांनी हे दोन्ही सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. त्या लिफ्टपाशी मला कळलं की सांगणं आणि पोचणं यांत किती अंतर असतं, आणि ते अंतर कमी करायला कुठे शिकवतात हे मला शोधायचं होतं.

आता वेबसाइट उघडल्यावर मी वेगळंच वाचत होते. पहिल्या वर्षी विद्यार्थी रुग्णासमोर कधी बसतो? त्याचं बोलणं कोणी ऐकतं का, चुका दाखवतं का? दुभाष्याबरोबर काम करायला शिकवतात का? २२ पैकी सात ठिकाणी मला ठोस काही सापडलं. त्या सात निबंधांत आधी आजी आल्या आणि मग कॉलेज. उरलेल्या पंधरांचं काय? काहींना दुसरं खरं कारण होतं, तीन मी सोडून दिली. ती फी वाचली.

कॉलेजं इथून तिथून सारखीच, असा माझा समज होता. ड्यूकमध्ये मूलभूत विज्ञान एका वर्षात उरकतात आणि तिसरं वर्ष संशोधनाला देतात. ज्याला आकड्यांच्या तक्त्यापुढे तासभर बसवत नाही, त्याने तिथे ‘संशोधनाची आवड’ लिहू नये, मुलाखतीत पितळ उघडं पडतं. येलमध्ये प्रबंधाशिवाय पदवी नाही, आणि ही अट १८३९ पासूनची आहे. क्लीव्हलंड क्लिनिकच्या लर्नर कॉलेजात अभ्यासक्रम पाच वर्षांचा, तुकडी जेमतेम ३२ जणांची, आणि मार्क नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा वामी कार्यक्रम वॉशिंग्टन, वायोमिंग, अलास्का, मोंटाना आणि आयडहो या पाच राज्यांसाठी, त्यातही तिथल्या खेड्यापाड्यांसाठी चालतो, त्यामुळे ‘मला खेड्यात काम करायचंय’ हे वाक्य तिथे फार बारकाईने वाचलं जाणार.

पैशाबद्दल मात्र गप्प बसावं असं माझं मत. न्यूयॉर्कच्या आइनस्टाइन कॉलेजला २०२४ मध्ये तिथल्याच माजी प्राध्यापक रूथ गॉट्समन यांनी १०० कोटी डॉलर दिले आणि सगळ्यांची शिकवणी फी माफ झाली. ते कोणाला नको असेल? पण ते कारण त्यांना तुमच्याआधी ठाऊक आहे. उलट घरच्यांजवळ राहायचंय, हे बिनधास्त लिहा. त्याने हसं होत नाही, फक्त एका वाक्यात आटपा. आणि ग्रीन कार्ड नसेल तर निबंधाच्याही आधी एमएसएआर या कॉलेजांच्या प्रवेशनियमांच्या ऑनलाइन यादीत बघा, कारण बरीच कॉलेजं अशा अर्जांचा विचारच करत नाहीत.

माझी सर्वांत मोठी फजिती पहिल्या मुलाखतीत झाली. निबंधात मी त्यांच्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संध्याकाळच्या दवाखान्याचं दोन परिच्छेद कौतुक केलं होतं. समोरच्या बाईंनी चष्मा काढला, माझा कागद जरा लांब धरला आणि शांतपणे म्हणाल्या, “तो बंद होऊन दोन वर्षं झाली.” मी जुनं पान वाचलं होतं. वर तारीख होती, मी ती बघितलीच नव्हती. पुढची वीस मिनिटं मी काय बोलले, आठवत नाही. तिथे प्रवेश मिळाला नाही.

त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणच्या एका तरी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठायला लागले. ‘कॉलेज कसं आहे?’ हे विचारून काही हाती लागत नाही, सगळे ‘छान’ म्हणतात. मी विचारायचे, “गेला मंगळवार कसा गेला, सकाळपासून सांग.” मग हजेरी, कंटाळवाणी लेक्चरं, रुग्णालयापर्यंतचा पाऊण तासाचा बसप्रवास, सगळं बाहेर येतं. शिवाय ऐकीव सल्ले गळून पडतात. कोणी म्हणालं होतं, ‘त्यांच्या स्टेप वनच्या सरासरीबद्दल लिही.’ स्टेप वन म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्यासाठीची पहिली परीक्षा, आणि २०२२ च्या जानेवारीपासून तीत नुसतं पास किंवा नापास असतं.

पुढच्या एका मुलाखतीत प्रश्न उलटा आला: “इथलं काय तुला जड जाईल?” मंगळवार कामी आला. मी म्हटलं, “आठ जणांचे गट. मला अनोळखी माणसांत तोंड उघडायला वेळ लागतो, आणि तुमच्याकडे सगळं शिकणं गटातच आहे. म्हणूनच यायचंय, आणि त्याचीच भीतीही वाटते.” त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तिथेच मी आता दुसऱ्या वर्षाला आहे. गटात पहिली दहा मिनिटं अजूनही गप्पच असते.