जसंच्या तसं टाइप करायचं, ते वेगळं दिसू द्या

टेक्निकल रायटिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिण्याच्या कामात, येऊ पाहणारी जळगाव-धुळ्याकडची मुलं मला आधी विचारतात, इंग्रजी किती पक्कं लागतं? मी म्हणतो, त्याआधी एक सवय लावा. वाचकाने अक्षर न बदलता टाइप करायचा मजकूर बाकीच्या वाक्यातून वेगळा उठून दिसलाच पाहिजे.

कमांड (संगणकाला टाइप करून द्यायची आज्ञा), फाइलचं नाव, कोडमधला शब्द हे सगळं मोनोस्पेसमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी देणाऱ्या फाँटमध्ये. मार्कडाउन आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुरातच खुणा घालून मांडणी करायच्या पद्धती; त्यासाठी मार्कडाउनमध्ये दोन्ही बाजूंना एकेक बॅकटिक (` ही खूण) पुरतो, रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये दोन-दोन लागतात. बटणांची आणि मेनूची नावं ठळक; गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या शैलीपुस्तिका, म्हणजे लेखनाचे नियम सांगणाऱ्या पुस्तिका, हेच सांगतात. युनिक्स या संगणक प्रणालीच्या मॅन पेजमध्ये, म्हणजे कमांडची माहिती देणाऱ्या पानांमध्ये, मात्र जसंच्या तसं टाइप करायचं तेच ठळक असतं आणि स्वतःची माहिती भरायची जागा तिरपी. म्हणून नव्या कामावर गेलात की आधी तिथली शैलीपुस्तिका मागून घ्या.

मराठीत लिहिताना खरी कसोटी लागते. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मी मराठीत लिहिली, तेव्हा हे नीट कळलं. आपले ‘मध्ये’, ‘ला’, ‘ची’ नावाला चिकटतात. प्रत्यय मोनोस्पेसच्या आत गेला, तर दिवाणजी तोही टाइप करणार, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. प्रत्यय नेहमी बाहेर, साध्या टाइपात ठेवा.

आकड्यांचंही तसंच. मजकुरात २०२४ खुशाल लिहा. पण सेटिंगमध्ये भरायचा पोर्ट (नेटवर्क जोडणीचा क्रमांक) ८०८० असा देवनागरीत छापला, तर बहुतेक प्रोग्राम तो घेणार नाहीत. तिथे 8080 असे इंग्रजी आकडेच हवेत.

आणि पूर्णविराम! कमांडने वाक्य संपवलंत, की वाचक तो टिंबही कॉपी करतो. मी कमांडला स्वतंत्र ओळ देतो. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, दोन जोडरेघांची एक लांब रेघ करतो. पडद्यावर छान दिसतं, पण टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, ते चालत नाही. ही आपोआप दुरुस्ती पहिल्याच दिवशी बंद करा.

मसुदा झाला की तयार पीडीएफमधूनच प्रत्येक कमांड कॉपी करून चालवा. मूळ फाइलमधून नको, कारण लांब कमांड पीडीएफमध्ये मधेच तुटून दोन ओळींची होते, आणि ते फक्त तिथेच कळतं.