न्हावा शेव्याला कंटेनर रवाना करण्यापूर्वी

पुढच्या महिन्यात आमच्या साकीनाक्याच्या कारखान्यातून यंत्रभागांचा वीस फुटी कंटेनर हॅम्बुर्गला जायचा आहे. मागच्या खेपेला लाकडाच्या चार ठोकळ्यांपायी सगळा माल तिकडच्या तपासणीत अडकला, म्हणून या वेळची तयारी आधीच लिहून काढली आहे.

आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) आणि बँकेच्या एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या शाखेच्या क्रमांकाची) कस्टम्सकडची नोंद यांविषयी वेगळे सांगायला नको. जीएसटीचे एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र, मात्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरावे लागते, एवढे एप्रिलमध्ये लक्षात ठेवावे. इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट यांतील नग, वजने आणि खरेदीदाराचे नाव अक्षरशः सारखे असावे. विक्री सीआयएफ अटीवर असेल तर भाडे आणि विमा आपण भरतो, पण माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विमा करारातील किमतीच्या किमान ११० टक्के रकमेचा काढावा.

आता लाकूड. पॅलेट असो, खोका असो किंवा माल हलू नये म्हणून ठोकलेली पाचर असो, कच्च्या लाकडाच्या प्रत्येक तुकड्याला आयएसपीएम १५ हा लाकडी वेष्टनाचा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे आणि त्याची खूण म्हणून गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाचा संकेत, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि एचटी (उष्णता-प्रक्रिया) ही अक्षरे असलेला शिक्का लाकडावर दिसला पाहिजे. किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत यासाठी हा नियम आहे, त्यामुळे आत यंत्राचे भाग आहेत की मसाले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमच्या दहाही पॅलेटवर शिक्का होता. पण पॅलेट आणि दरवाजा यांच्यामध्ये वीतभर फट उरली, आणि माल भरणाऱ्यांनी अंगणात पडलेले चार ठोकळे तिथे ठोकून दिले. खरेदीदाराने पाठवलेल्या छायाचित्रात त्यांतल्या एकावर झाडाची साल अजून चिकटलेली दिसत होती. ते लाकूड नष्ट करण्याचा आणि तेवढ्या दिवसांच्या साठवणुकीचा खर्च आम्ही भरला, आणि खरेदीदाराचे जुळणीचे काम थांबले ते वेगळेच.

म्हणून पॅलेटबरोबरच ठोकळेही शिक्क्याचेच मागवावेत. शिक्क्याची लांब फळी कारखान्यात कापू नये, कारण ज्या तुकड्यावर पूर्ण शिक्का उरत नाही तो तपासनीसाच्या दृष्टीने कच्चाच ठरतो. जुन्या पॅलेटची एखादी फळी सुताराकडून बदलून घेतली असेल तर तीही तपासावी. एवढी यातायात नको असेल तर प्लायवुड वापरावे किंवा फटीत हवेच्या पिशव्या भराव्यात; या दोन्हींना हा नियम लागू नाही.

रिकामा कंटेनर आला की एकाने आत उभे राहावे, दुसऱ्याने बाहेरून दरवाजे बंद करावेत, आणि आत कुठूनही उजेड येतो का ते पाहावे. जिथून उजेड येतो तिथून पावसाचे आणि समुद्राचे पाणीही येते. जमिनीवरचे खिळे, ओल आणि आधीच्या मालाचा वास पाहावा, आणि दोष आढळल्यास कंटेनर तिथल्या तिथे परत पाठवावा. ट्रेलरचा चालक घाई करीलच, त्याचे ऐकू नये. जहाजावर रात्रंदिवस तापमान बदलत राहते आणि छताला सुटलेला घाम मालावर ठिबकतो, म्हणून यंत्रभागांना गंजरोधक कागद आणि कंटेनरमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या हव्यातच. दरवाजा बंद करण्यापूर्वी आतील प्रत्येक लाकडाचे, प्रत्येक ठोकळ्याचे, शिक्का वाचता येईल असे छायाचित्र घ्यावे. मग सील लावावे आणि त्याचा क्रमांक दोघांनी वाचावा.

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यात ठोकळ्यांचे वजनही धरले जाते, त्यामुळे अंदाजाने आकडा न भरता काट्याची पावती घ्यावी. कागदपत्रे, व्हीजीएम आणि गेट या तिन्हींच्या कटऑफच्या, म्हणजे शेवटच्या मुदतीच्या, वेळा वेगवेगळ्या असतात. त्या फॉरवर्डरकडून, म्हणजे वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्याकडून, लेखी घ्याव्यात आणि ट्रेलर गेटच्या वेळेच्या एक दिवस आधी पोहोचेल असा काढावा, कारण बंदराबाहेरची रांग कुणाच्या हातात नसते. शिपिंग बिल (कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा कागद) आणि फॉर्म १३ (कंटेनर बंदरात नेण्याचा कागद) क्लिअरिंग एजंट पाहतो.

बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीने माल घेतल्याच्या पावतीचा) मसुदा मात्र स्वतः वाचावा: नाव, कंटेनर क्रमांक, सील क्रमांक. जहाज सुटल्यानंतर दुरुस्तीला पैसे पडतात. पतपत्र, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी, असल्यास आणि त्यात वेगळी मुदत नसल्यास माल चढल्यापासून २१ दिवसांत, पण पतपत्राची मुदत संपण्याआधी, कागद बँकेत द्यावेत. माल कोणत्या देशात बनला याचे प्रमाणपत्र, कुरिअर, खरेदीदाराला आगाऊ कळवणे, हे ओघाने होते.

आणि माल भरायच्या दिवशी सकाळी, माणसे कामाला लागण्यापूर्वी, अंगणातले सगळे मोकळे लाकूड उचलून कुलपात ठेवावे आणि शिक्क्याचे ठोकळे मोजून कंटेनरच्या दारापाशी रचावेत.