कपाचे ग्रॅम करताना या चुका टाळा

केक मधोमध खचला किंवा नानकटाईचा गोळाच वळेना, की आधी ओव्हनला बोल लावला जातो, मग बेकिंग पावडरला. खरा घोळ बऱ्याचदा त्याआधीच, कृतीतल्या कपांचे ग्रॅम करताना झालेला असतो.

सर्रास होणारी चूक म्हणजे "एक कप म्हणजे २५० ग्रॅम" असं धरून चालणं. कप मोजतो जागा, काटा मोजतो वजन. २४० मिलीच्या कपात पाणी साधारण २४० ग्रॅम बसतं, पण मैदा १२०-१२५, पिठीसाखर १२०च्या आसपास, साधी साखर २००, पातळ तूप २२० आणि मध तब्बल ३४० ग्रॅम. प्रत्येक जिन्नसाचा आकडा वेगळा.

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त नडतं ते दिवाळीत. सोलापुरात मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीतून नानकटाई भाजून आणणारी घरं अजून आहेत. घरची कृती वाटीची: दोन वाट्या मैदा, एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर. बेकरीतला हिशोब किलोचा. मग मैदा एक किलो आणि तूप, साखर अर्धा-अर्धा किलो असा सरळ हिशोब होतो. पण वजनाने पाहिलं तर एक किलो मैद्याला त्या कृतीप्रमाणे जवळजवळ ८८० ग्रॅम तूप लागतं आणि पिठीसाखर ४८० ग्रॅम. साखरेचं जमून जातं, तूप मात्र पार कमी पडतं. पीठ भुसभुशीत राहतं आणि हात दुखेस्तोवर मळलं तरी गोळा धरत नाही. वाटीची कृती वाटीनेच केली तर बिघडत नाही, फक्त वाटी शेवटपर्यंत एकच ठेवा. अर्धं वाटीने आणि अर्धं काट्यावर केलं की प्रमाण गेलंच.

मैद्याकडे जरा नीट बघू. डब्यात कप खुपसून मैदा उचलला की तो दाबला जातो आणि १२० ऐवजी १५० ग्रॅमपर्यंत भरतो. तीन कपांच्या केकमध्ये म्हणजे ९० ग्रॅम मैदा जादा, जवळपास पाऊण कप! केक कोरडा होणारच. आधी मैदा चमच्याने हलवून मोकळा करा, चमच्यानेच कपात टाका, कप आपटू नका आणि सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट करा. "एक कप चाळलेला मैदा" असं लिहिलं असेल तर आधी चाळून मग मोजायचा. "एक कप मैदा, चाळून" असेल तर आधी मोजायचा.

तुपाचं तर ऋतूवर असतं. मे महिन्यात बरणीतलं तूप पाण्यासारखं असतं, कप काठोकाठ भरतो. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत तेच रवाळ होऊन घट्ट बसतं, चमच्याने भरताना मध्ये पोकळ्या राहतात आणि वजन घटतं. तूप काट्यावरच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

मैद्याऐवजी ज्वारीचं पीठ किंवा शेंगदाण्याचं कूट घालणार असाल तर मैद्याचा आकडा त्यांना लावू नका. कूट किती जाडसर आहे यावर वजन बदलतं. आपल्याच कपाने एकदा भरून वजन करून घ्या.

परदेशी कृती असेल तर कप कुठला ते बघा. अमेरिकेचा साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा २५०चा, आणि तिथला टेबलस्पूनही १५ नव्हे, २० मिलीचा.

सोडा, बेकिंग पावडर, मीठ यांचे ग्रॅम करत बसू नका. घरगुती काट्यावर दोन-तीन ग्रॅमचा भरवसा नसतो. त्यांना ५ मिलीचा मापाचा चमचाच बरा, पोह्यांचा चमचा नको.

काटा कडक, सपाट ओट्यावर ठेवा, भांडं ठेवून शून्य करा आणि मगच जिन्नस घाला. काट्याची शंका आली तर दहा रुपयांची दहा नाणी ठेवून बघा, ७७ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवं. फारच वेगळा आकडा आला तर आधी सेल बदला.